ग्रेट प्लेन्सवर वादळाचा पाठलाग: चार मित्र, एक गाडी, एक दिवस

अमेरिकेत टेक्सास पॅनहँडलपासून (टेक्सासच्या उत्तर टोकाचा भाग) ओक्लाहोमा, कॅन्ससमार्गे नेब्रास्कापर्यंतच्या सपाट मैदानात सुपरसेल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारं मोठं गडगडाटी वादळ, बघायचे उत्तम दिवस एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत मिळतात. मेमध्ये दक्षिणेकडे लक्ष ठेवायचं, जून लागला की उत्तरेकडे सरकायचं. शहरातल्या इमारती आणि झाडी नसल्यामुळे इथे वीस-तीस मैलांवरचा ढग मुळापासून माथ्यापर्यंत दिसतो. पहिल्या खेपेला एखादा जाणता माणूस सोबत हवाच. त्याआधी राष्ट्रीय हवामान सेवेचा स्कायवॉर्न वर्ग, म्हणजे वादळ ओळखायचं प्रशिक्षण, करून घ्या. तो फुकट असतो.

सकाळी आधी ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा त्या दिवसाचा अंदाज उघडा. धोक्याच्या कमीपासून जास्तीकडे पाच पायऱ्या आहेत: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. बहुतेक जण रंगीत नकाशा बघून निघतात आणि तिथेच फसतात. नकाशाखालचा मजकूर वाचा, कारण वादळ कशामुळे, कुठे आणि साधारण किती वाजता उठेल ते तिथे लिहिलेलं असतं. वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि त्यांच्यापुढे ‘झेड’ लिहितात. इथल्या उन्हाळी सेंट्रल वेळेसाठी त्यातून ५ तास वजा करा, म्हणजे १६३० झेडचा अंदाज साडेअकराला येतो. हायच्या दिवशी नवख्यांनी घरीच थांबावं. त्या दिवशी वादळं अनेकदा फार वेगाने पळतात आणि एकामागून एक उठतात. स्लाइटच्या दिवशी एखादं सुटं, सावकाश सरकणारं सुपरसेल मिळालं, तर शिकायला त्यासारखं दुसरं काही नाही.

नकाशावर चार गोष्टी जुळतायत का ते बघा. जमिनीलगत ओलावा, म्हणजे दवबिंदू निदान ६० अंश फॅरनहाइट. अस्थिर हवा, म्हणजे केप (हवेला वर उसळायला मिळणारी ऊर्जा, ज्यूल प्रति किलोमध्ये) दीड-दोन हजारांच्या वर. जमीन आणि ६ किलोमीटर उंची यांच्यातल्या वाऱ्यात ४० नॉट्सच्या आसपास फरक. आणि हवेला वर ढकलणारं काहीतरी. प्लेन्सवर हे काम बहुधा ड्रायलाइन करते. पश्चिमेची कोरडी हवा आणि मेक्सिकोच्या आखातातून आलेली दमट हवा यांची ती सीमा. वरच्या उबदार थराला कॅप म्हणतात. कुकरच्या झाकणासारखा तो खालची वाफ कोंडून धरतो. झाकण हलकं असेल तर दुपारीच सगळीकडे ढगांची खिचडी होते, आणि फार घट्ट असेल तर संध्याकाळपर्यंत आकाश निळंच राहतं. असे कोरडे दिवस बरेच येतात, त्यांची तयारी ठेवा.

लक्ष्य म्हणून ड्रायलाइनच्या थोडं पूर्वेचं एखादं गाव निवडा आणि दुपारी दोनपर्यंत तिथे पोचा. गाव निवडताना आकाशाइतकंच रस्त्यांकडे बघा. कॅन्सस आणि पश्चिम ओक्लाहोमात बऱ्याच ठिकाणी दर मैलाला चौकटीसारखे रस्ते आहेत, त्यामुळे निसटायला वाव मिळतो. पण त्यातले पुष्कळ मातीचे आहेत. ओक्लाहोमाची लाल माती दहा मिनिटांच्या पावसात साबणासारखी होते आणि चारही चाकं जागच्या जागी फिरतात. वादळाच्या जवळ फक्त डांबरी रस्ते धरा. कॅनेडियन आणि रेड नद्यांवर पूल लांब लांब आहेत, तर नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये रस्तेच विरळ आणि मोबाइलला रेंज कमी. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि कागदी अ‍ॅटलास मांडीवर असू द्या.

गाडीतली कामं निघण्यापूर्वी वाटून घ्या. चालवणारा फक्त चालवेल. फोन नाही, कॅमेरा नाही, ढगाकडे बघत राहणं नाही. शेजारचा रडार आणि रस्ते सांभाळेल. मागचे दोघं आकाश बघतील, त्यातला एक सतत मागच्या बाजूला. ‘निघा’ असं एकाने जरी म्हटलं तरी वाद न घालता निघायचं, हा नियम सगळ्यांनी आधीच मान्य करावा. टाकी अर्ध्यावर आली की भरा, कारण वादळात गावाची वीज गेली की पंपही बंद पडतात. पाणी, प्रथमोपचाराची पेटी, जाड ब्लँकेट, टॉर्च, जास्तीचं चार्जर आणि हवामानाचे सरकारी इशारे ऐकवणारा एनओएए वेदर रेडिओ एवढं सामान पुरे.

आता खरी कसोटी: उभं कुठे राहायचं. सुपरसेल बहुधा ईशान्येला किंवा पूर्वेला सरकतं, म्हणून त्याच्या आग्नेयेला, तळापासून दोन-तीन मैल दूर थांबून वायव्येकडे बघा. उजव्या हाताला पाऊस आणि गारांचा पडदा दिसेल, समोर किंवा डावीकडे पाऊस नसलेला काळा, सपाट तळ. त्याखाली लोंबणारा तुकडा म्हणजे वॉल क्लाउड. तो फिरतोय का हे नुसत्या नजरेला फसवतं. विजेचा खांब समोर धरा आणि ढगाच्या चिंध्या त्याच्या दोन्ही बाजूंना उलट दिशांनी सरकतायत का ते मिनिटभर बघा. पाठीवर आग्नेयेचा उबदार, दमट वारा लागत असेल तर वादळाला खुराक मिळतोय. तो एकदम थंड होऊन समोरून यायला लागला, तर वादळाची गार हवा तुमच्यापर्यंत पोचली आहे. वॉल क्लाउडच्या मागून उजळ खाच कापत पुढे आली, तर टोर्नेडो काही मिनिटांवर असू शकतो.

टोर्नेडो डावी-उजवीकडे सरकत नसेल आणि नुसता मोठा होत असेल, तर तो तुमच्याकडेच येतोय. त्याच्या वाटेशी काटकोनात, बहुतेक वेळा दक्षिणेला, लगेच निघा. म्हणून गाडी थांबवतानाच तिचं तोंड निसटायच्या रस्त्याकडे करायचं, आणि तो रस्ता दोन चौकांपर्यंत मोकळा आहे ना याची खात्री करायची.

रडारवर आंधळा विश्वास ठेवू नका. नेक्सरॅड या सरकारी हवामान रडारजाळ्याचं चित्र साधारण ४ ते ६ मिनिटांनी बदलतं, आणि फोनवर पोचेपर्यंत आणखी शिळं होतं. ताशी ४० मैलांनी जाणारं वादळ ५ मिनिटांत ३ मैलांहून जास्त सरकतं. चित्रावरची वेळ दर वेळी वाचा. ३१ मे २०१३ रोजी एल रेनोचा टोर्नेडो २.६ मैल रुंद झाला. पावसात लपलेला असताना त्याने दिशा आणि वेग दोन्ही बदलले. टिम सॅमरस, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग हे मुरलेले अभ्यासक त्यात गेले. तळ पावसाआड गेला आणि आत काय चाललंय ते दिसेनासं झालं, की अंतर दुप्पट करा. पावसाचा पडदा फाडून पलीकडे जायचा मोह कायमचा सोडा.

गारांत सापडलात तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबून पुढची काच गारांकडे करा. ती दुपदरी असते, तडकली तरी बाजूच्या काचांसारखी विखरून पडत नाही. चेहऱ्यावर ब्लँकेट घ्या. हायवेच्या पुलाखाली थांबू नका: तिथे वारा अधिक जोराने घुसतो आणि मागच्यांचा रस्ता अडतो. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू आला की गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच राहा. शेतांच्या तारेच्या कुंपणाला टेकून कॅमेरा लावणं विशेष धोक्याचं, कारण लांब पडलेली वीजही तारेतून येते. रस्त्यावर फूटभर पाणी वाहत असेल तर छोटी गाडी उचलली जाऊ शकते, तिथून मागे फिरा.

गार मोजली आणि ती १ इंच किंवा मोठी निघाली, किंवा टोर्नेडो दिसला, तर जवळच्या हवामान कार्यालयाला वेळ, जागा आणि दिशेसह कळवा. उद्ध्वस्त वस्ती लागली तर पाठलाग तिथेच संपला. ९११ ला फोन करा, मदत करता येत असेल तर करा, नाहीतर रुग्णवाहिकांची वाट मोकळी सोडा.

अंधार पडला की थांबा. रात्रीचा टोर्नेडो वीज चमकल्यावर क्षणभर दिसतो, तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. वादळ पूर्वेला निघून गेल्यावर त्याच्या मागे थांबलात, तर मावळतीच्या उन्हात ढगाच्या पोटाला पिशव्यांसारखे लोंबणारे फुगवटे, म्हणजे मॅमॅटस, दिसतात. दिवसातली सर्वांत सुंदर छायाचित्रं बहुधा तेव्हाच मिळतात. मुक्कामाची खोली वादळाच्या पश्चिमेला घ्या. रात्री ही वादळं एकत्र येऊन पट्ट्यासारखी पूर्वेकडे जातात, आणि पूर्वेच्या गावात खोली घेतलीत तर पहाटे दोनला तीच दारात हजर होतील.