घरची महागाई कशी मोजायची

महिन्याचा खर्च वाढला म्हणजे तेवढी महागाई झाली, असं नाही. घरात पाहुणे राहिले तरी खर्च वाढतो. महागाई काढायची तर वस्तू, त्यांचं माप आणि प्रत तीच ठेवायची आणि फक्त भाव बदलू द्यायचे.

सणवार नसलेला एक महिना धरा आणि मापासकट यादी करा: तूरडाळ ३ किलो, दूध ५० लिटर, घरभाडं, रिक्षा-बस. शाळेची फी, विम्याचा हप्ता असे वार्षिक खर्च १२ ने भागून घ्या. कर्जाची मुद्दल आणि सोनं यादीत नको, तो खर्च नव्हे.

वर्षभराने त्याच दुकानांत त्याच वस्तूंचे भाव पुन्हा टिपा. समजा, आधीची बेरीज ३०,००० रुपये होती: भाडं १०,०००, किराणा ६,०००, फी ४,०००, दूध ३,०००, भाजी-फळं ३,०००, वीज-गॅस २,०००, प्रवास-औषधं २,०००. आता भाडं आणि भाजी १० टक्के, फी १२ टक्के, किराणा आणि दूध ५ टक्के वाढलं, बाकी तसंच राहिलं. त्याच मालाला आता ३२,२३० रुपये पडतात. भागिले ३०,०००, गुणिले १००: निर्देशांक १०७.४, म्हणजे महागाई ७.४ टक्के. टक्क्यांची नुसती सरासरी काढू नका, भाड्यातल्या वाढीचं वजन दुधाच्या तिपटीहून जास्त आहे.

गफलत बहुतेक वेळा भाव टिपतानाच होते. बिस्किटाचा पुडा त्याच किमतीत हलका होतो, म्हणून भाव दर १०० ग्रॅमला काढा. कांदा-टोमॅटोचे भाव महिन्यातून तीनदा लिहून सरासरी घ्या आणि तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, नाहीतर मोजला जाईल तो हंगाम. विजेचं आलेलं बिल घेऊ नका. १५० युनिट धरून स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्कासह बिल दोन्ही वर्षांच्या दरांनी मांडा, कारण युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा दर लागतो.

महागाईच्या सरकारी आकड्याशी जुळलं नाही तर लगेच कुणालाच खोटं ठरवू नका. तो आकडा ज्यावरून निघतो त्या ग्राहक किंमत निर्देशांकात, २०१२ हे तुलनेचं मूळ वर्ष (आधारवर्ष) असताना, खाण्यापिण्याचा भार, म्हणजे एकूण खर्चातला वाटा, ४५.८६ टक्के होता आणि ग्रामीण निर्देशांकात घरभाड्याला भारच नव्हता. वरच्या उदाहरणातल्या घरात भाडंच तिसरा हिस्सा आहे.

एखादा ब्रँड बंद होणार असेल, तर जुन्या आणि नव्या मालाचा भाव एकाच महिन्यात टिपा. त्या महिन्यापर्यंतची वाढ जुन्याची, पुढची नव्याची.