नालबंद येण्याआधी: माथेरानच्या घोड्यासाठी तयारीची यादी

माथेरानात खासगी मोटारींना बंदी. गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत आणि तिथून पॉइंटांपर्यंत पर्यटक नेण्याचं बरंचसं काम घोडेच करतात. वाट कुठे जांभ्याच्या लाल मातीची, कुठे दगडगोट्यांची, कुठे पेव्हर ब्लॉकची. नालबंदी नीट व्हायची तर निम्मी तयारी घोडेवाल्याने आधीच करून ठेवावी लागते.

सगळ्यात आधी तारीख ठरवा, आणि ती नालाची झीज बघून ठरवू नका. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, आणि नाल असला की तो जमिनीवर घासून झिजत नाही. म्हणून लोखंड शाबूत दिसलं तरी दर 4 ते 6 आठवड्यांनी नाल काढून खूर कापायचा. नाल धड असेल तर तोच परत ठोकता येतो. ‘अजून महिनाभर चालेल’ म्हणून ढकलत राहिलं की खुराचं पुढचं टोक लांबतं, नाल खुरासोबत पुढे सरकतो, त्याची मागची टोकं टाचेच्या आत रुततात आणि पायाच्या मागच्या कंडरांवर ताण येतो. सुट्ट्यांच्या हंगामात तारीख गर्दीच्या चार दिवस आधीची धरा, गर्दीच्या मधली नको.

आदल्या दिवशी घोडा सपाट, कडक जागेवर सरळ चालवून बघा, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं. प्रत्येक खुरावर तळहात ठेवा. एकच खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागला, किंवा खुराच्या वरच्या सांध्यामागे नाडी जोरात उडत असली, तर नालबंदाच्या आधी पशुवैद्य. धनुर्वाताची लस कधी दिली होती तेही वहीत बघून ठेवा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि खिळ्याची लहानशी जखमही त्याला पुरते.

खूर हुकाने टाचेकडून टोकाकडे साफ करा. तळाच्या मधला त्रिकोणी, रबरासारखा भाग म्हणजे फ्रॉग. त्याच्या बाजूच्या खाचांत काळा, कुजका वास येणारा चिकट मळ दिसला तर ती बुरशी-जंतूंची सड. पावसाळ्यात ओल्या तबेल्यातल्या घोड्यांत ती हमखास सापडते. खाच कोरडी करून पोव्हिडोन आयोडीन लावा, खालचं गवत बदला आणि नालबंदाला आधीच सांगा. खूर ऐन वेळी धुऊ नका, कोरडा ब्रश पुरतो.

जागा सपाट, सावलीची, उजेडाची हवी. माशांचं औषध आधीच लावा. माशीला झटकलेला पाय नालबंदाच्या तोंडावर बसतो. धरणाऱ्याने नालबंदाच्याच बाजूला उभं राहायचं.

आता नाल. खुराची सर्वांत जास्त रुंदी आणि टोकापासून टाचेपर्यंतची लांबी मोजून ठेवा. पुढचे खूर गोलसर, मागचे निमुळते, त्यामुळे मापं वेगळी. नाल खुराला बेतायचा. लहान नालाला बसवण्यासाठी खुराची भिंत, म्हणजे बाहेरचं कठीण कवच, कानशीने उतरवायला कोणी निघालं तर तिथेच थांबवा, कारण पातळ भिंतीत खिळे टिकत नाहीत. मागच्या बाजूला नाल भिंतीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर बाहेर हवा, कारण पाय टेकला की टाच फाकते. त्याच कारणाने खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे खिळा नको. पेव्हर ब्लॉकवर गुळगुळीत लोखंड घसरतं, म्हणून उतारावर जाणाऱ्या घोड्याला टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे खिळे मागून बघा. एका पायाला वेगळी पकड, दुसऱ्याला वेगळी, असं मात्र करू नका.

काढलेला जुना नाल लगेच कोणाला देऊ नका. दारावर लावायला काळ्या घोड्याचा नाल मागणारे असतात, पण आधी तो उलटून नालबंदासोबत बघा. एक बाजू जास्त झिजली असेल तर पाय वाकडा पडतोय, आणि कापताना ते सुधारायचं आहे.

एका नालाला 6 ते 8 खिळे लागतात. मोजून द्या, उरलेले मोजून घ्या, पडलेले लोहचुंबकाने गोळा करा. भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथली फिकट कड म्हणजे पांढरी रेषा. खिळा तिच्या बाहेरूनच जायला हवा आणि भिंतीतून सुमारे दोन सेंटिमीटर वर निघायला हवा. आत मऊ जागेत गेला तर घोडा झटका देतो, हातोडीचा आवाजही बोदा येतो. तो खिळा ताबडतोब काढा, रक्त असेल तर भोकात आयोडीन घाला, तिथे दुसरा खिळा मारू नका, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी पशुवैद्याला बोलवा. नुसता जवळून गेलेला खिळा त्या क्षणी कळत नाही. एक-दोन दिवसांनी घोडा लंगडतो आणि खूर तापतो. म्हणून त्या दिवशी चढणीची फेरी नको आणि पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ चारही खुरांवर हात फिरवा. भिंतीबाहेर निघालेली खिळ्यांची टोकं वळवून भिंतीला चिकटवलेली असतात, ती आठवड्याने बोटाने चाचपा. उचललेलं टोक म्हणजे नाल सैल, आणि सैल नाल वाटेत निखळताना भिंतीचा तुकडा सोबत घेऊन जातो.