लेथवर लाटणे कातताना

लाटणे हा कातकामातला, म्हणजे लेथ या यंत्रावर लाकूड फिरवत ठेवून पटाशीने कापण्यातला, पहिला धडा समजला जातो, म्हणूनच त्याविषयीचा सल्ला सर्वांत बेफिकिरीने दिला जातो. ‘लांबट दांडके तर कातायचे आहे’ असे म्हणणाऱ्याने बहुधा स्वतः कातलेल्या लाटण्याने एकही पोळी लाटलेली नसते. येथे दोन्ही बाजूंना फिरत्या मुठी असलेले नव्हे, तर आपल्या स्वयंपाकघरात असते तसे मध्ये किंचित फुगीर आणि टोकांकडे निमुळते होत जाणारे अखंड लाटणे गृहीत धरले आहे.

लाकूड शिसवाचे किंवा बाभळीचे, पूर्ण वाळलेले, बिनगाठीचे आणि सरळ रेषांचे (तंतूंचे) घ्यावे. साग दिसायला देखणा असला, तरी त्याच्या उघड्या छिद्रांत कणीक बसते, त्यामुळे मी तो लाटण्यासाठी वापरत नाही. दीड इंच चौरस आणि १५ इंच लांबीचा तुकडा पुरतो. तयार लाटणे १३ इंचांचे होते. शिसवाची धूळ अनेकांना बाधते, म्हणून मास्क लावावा. हातमोजे मात्र लेथवर कधीही घालू नयेत.

दोन्ही टोकांचे मध्य काढून तुकडा लेथवर चढवावा, मिनिटाला साधारण ९०० फेऱ्यांच्या वेगाने गोल पटाशीने कोपरे उडवावेत आणि सगळीकडे सारख्या जाडीचा दंडगोल करून घ्यावा. येथपर्यंत कोणाचेही काही बिघडत नाही.

बिघडते ते यानंतर. दीड इंचाहून कमी जाडीचे आणि सव्वा फुटाचे लाकूड मध्यभागी लवते, पटाशीपासून दूर सरकते, पुन्हा तिच्यावर येऊन आदळते, आणि पृष्ठभागावर स्क्रूच्या आट्यांसारख्या तिरप्या वळ्या उमटतात. माझी पहिली चार लाटणी अशीच वळ्यांची झाली. काचकागदाने त्या निघतील, या समजुतीने मी तासभर घासत बसलो. लाटणे हाताला गुळगुळीत लागले. पण पहिल्याच पोळीवर नांगरल्यासारख्या रेघा उठल्या आणि आईने काही न बोलता ते लाटणे कपडे धुण्याच्या दगडाजवळ नेऊन ठेवले.

अशा वेळी ‘टेलस्टॉक (लाकडाचे दुसरे टोक दाबून धरणारा लेथचा सरकता भाग) आणखी आवळा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. दोन्ही टोकांकडून जास्त दाबले की बारीक लाकूड धनुष्यासारखे वाकते आणि थरथर वाढते. टेलस्टॉक लाकूड घट्ट धरण्यापुरताच आवळावा. वेग वाढवल्यानेही काम भागत नाही. पटाशीला नव्याने धार लावावी, काप अगदी हलका घ्यावा आणि डाव्या हाताचा अंगठा टेक्यावरच्या (पटाशी टेकवायच्या लेथवरच्या आडव्या पट्टीवरच्या) पटाशीवर ठेवून त्याच हाताची बोटे लाकडाच्या मागच्या बाजूने अलगद टेकवावीत, म्हणजे लाकडाला मागे पळायला जागा उरत नाही. बोटांना चटका बसू लागला, तर आपण पटाशी जास्त रेटत आहोत असे समजावे.

क्रमाविषयी माझे मत ठाम आहे: आधी मधला भाग पुरा करावा, टोके नंतर. टोके आधी बारीक केली, तर मधले वजन दोन काड्यांवर टांगल्यासारखे झुलते. मधल्या चार इंचांची जाडी १ इंच २ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ठेवून तेवढा भाग जवळजवळ सरळच राखावा, आणि तेथून दोन्हीकडे उतरत टोकांशी ती ७ सुतांवर आणावी. प्रत्येक दोन इंचांवर कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्याने, मापून बारीक खाच घ्यावी. मात्र खाच अंतिम मापापेक्षा अर्धा सूत उथळ ठेवावी, नाहीतर तिचे कडे तयार लाटण्यावर राहून जाते. पोट फार काढले, तर पोळी मध्ये पातळ आणि कडेला जाड राहते. अजिबात काढले नाही, तर एका बाजूला दाब देऊन पोळी फिरवता येत नाही.

उतार कापण्यासाठी तिरपी पटाशी वापरावी आणि नेहमी जाडीकडून बारीक भागाकडे यावे. उलट चढल्यास रेषा उचकटतात. धारेमागचा उतार प्रथम लाकडावर टेकवून मगच पटाशीची मूठ हळूहळू उचलावी, आणि काप धारेच्या मधल्या भागानेच घ्यावा. वरचे अणकुचीदार टोक लाकडात गेले की पटाशी हातातून हिसकली जाते आणि पाऊण इंचाची खोक पडते. काप जमला की लांब, सलग फीत निघते. भुसा उडत असेल, तर आपण कापत नसून खरवडत आहोत.

यानंतरचे सोपे आहे. टेका काढून ठेवावा आणि १२०, १८०, २४० व ३२० क्रमांकांचे काचकागद याच क्रमाने लावावेत. २४०नंतर ओले फडके फिरवून लाकूड वाळू द्यावे, म्हणजे उभे राहिलेले तंतू शेवटच्या कागदाने जातात.

वॉर्निश लावू नये. पोळीच्या दाबाखाली त्याचे पापुद्रे सुटतात. सावंतवाडीच्या खेळण्यांसारखा लाखेचा रंग हवाच असेल, तर तो टोकांपुरता द्यावा, कणीक लागते तेथे नव्हे. शेवटी दोन्ही टोके बारीक करवतीने कापून हाताने घासावीत, खाद्यवापराचे खनिज तेल चोळावे आणि रात्रभर लाटणे उभे ठेवावे. सकाळी कोरड्या फडक्याने पुसून ते पोळपाटावर लोळवून पाहावे: मधला भाग टेकलेला आणि दोन्ही टोकांखाली सुमारे दीड सुताची सारखी फट दिसली, तर कणीक मळायला हरकत नाही.