ड्रोन उडण्याआधीच तापून बंद पडत होता: माझा अनुभव

मे महिन्यात अकोल्याजवळच्या शेतात माझा २४९ ग्रॅमचा ड्रोन चालू केल्यावर काही मिनिटांतच जास्त तापमानाची सूचना देऊन जमिनीवरच बंद पडत असे. नवी बॅटरी घेतली, फॅक्टरी रीसेट केले, बॅटरी बर्फाच्या डब्यात ठेवली. तेव्हा तिच्या धातूच्या पट्ट्यांवर बारीक दव दिसले, म्हणून तो धोकादायक प्रकार लगेच थांबवला. अक्षरशः हैराण झालो होतो.

खरे कारण असे की, ड्रोनला उडवणारे पंखे थांबलेले असताना आतला प्रोसेसर आणि व्हिडिओ ट्रान्समीटर (कॅमेऱ्याचे दृश्य रिमोटकडे पाठवणारा भाग) तापतच राहतात, पण त्यांना थंड करणारा वारा मिळत नाही. म्हणून आता अपडेट, नकाशे आणि कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज घरीच उरकतो. चार्ज केलेली बॅटरी हाताला गार लागेपर्यंत थांबतो. शेतात ड्रोन सावलीत ठेवतो, आधी मोबाइल व रिमोट जोडतो, मग ड्रोन पांढऱ्या चटईवर ठेवून सर्वांत शेवटी चालू करतो आणि होम पॉइंट (ड्रोनने परत यायची जागा) नोंदला जाताच उडवतो. हवेत एका जागी रेंगाळत नाही. उतरल्याबरोबर तो बंद करतो आणि त्यातले फोटो घरी गेल्यावरच कॉपी करून घेतो. माझा ड्रोन वापरण्यासाठी हवेच्या तापमानाची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे उड्डाण सकाळी आठच्या आत आटोपतो.