रूट कॅनलची धास्ती? आधी हाताची खूण ठरवा

खुर्चीत बसल्या बसल्या डॉक्टरांना सांगून टाका, "पहिलीच वेळ आहे, भीती वाटतेय. दुखलं तर डावा हात वर करीन, तेव्हा थांबा." तोंड उघडं असताना बोलता येत नाही, निम्मी धास्ती त्याचीच असते. दात बधिर करायच्या इंजेक्शननंतर दोन-चार मिनिटं छातीत धडधडलं तर घाबरू नका. त्यात बहुधा ठोके वाढवणारं अ‍ॅड्रिनॅलिन असतं, त्याचा असर ओसरतो. फार ठणकणाऱ्या दाताला कधी एक इंजेक्शन पुरत नाही. दुसरं बिनधास्त मागा. दाब आणि घरघर जाणवणारच, कळ मात्र सोसायची नाही. बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. आणि जेवून जा! नंतर दोन-तीन तास ओठ बधिर असतो. भुकेपोटी घास घेतलात तर स्वतःचाच गाल चावाल.