कोपेपॉडमधले परजीवी शोधताना या चुका टाळा

जाळी वर येते, बादलीत कोपेपॉड (समुद्रात तरंगणारे चिमुकले कवचधारी प्राणी) टुणटुणताना दिसतात, आणि मग बादली उन्हात तशीच राहते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. व्हॅम्पायरोफ्रिया नावाचा सिलिएट, म्हणजे अंगावर बारीक केसांसारखे तंतू असलेला एकपेशीय जीव, कोपेपॉडच्या कवचाला चिकटून, स्वतःभोवती पुटी (संरक्षक आवरण) करून बसलेला असतो. धडधाकट प्राण्याला त्याचा त्रास नाही. प्राणी जखमी झाला किंवा भक्षकाच्या तावडीत सापडला, की सिलिएट पुटीतून बाहेर पडतो, जखमेतून आत शिरतो आणि ऊती खाऊन फुगतो. आपली जाळीही जखमा करतेच! मग दुपारी सिलिएटांनी भरलेले कोपेपॉड पाहून विद्यार्थी वहीत लिहितो, ‘संसर्ग प्रचंड’. सकाळी समुद्रात त्यांतले कितीतरी ठणठणीत असतील.

म्हणून जाळी हळू ओढा. नमुना लगेच भरपूर समुद्रपाण्यात पातळ करून सावलीत ठेवा. त्यातला एक भाग बोटीवरच परिरक्षक द्रवात टिकवा आणि उरलेला नंतर मोजून दोन्ही आकडे ताडून पाहा. कवचावरच्या पुट्या आणि शरीरातले सिलिएट वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

दुसरा घोटाळा आतड्यात होतो. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ एदुआर शातों यांनी १९०६ मध्ये ब्लास्टोडिनियम या डायनोफ्लॅजेलेटचे (शेपटीसारख्या तंतूंनी पोहणाऱ्या एकपेशीय जीवांचा एक गट) वर्णन केले. तो कोपेपॉडच्या आतड्यात वाढतो आणि बाधित मादी बहुधा वांझ होते. त्याच्या काही जातींत हरितलवके असतात, त्यामुळे निळ्या प्रकाशात तो लाल चमकतो. पण नुकतेच खाल्लेले शैवालही तसेच चमकते! प्राण्याला तासभर गाळलेल्या समुद्रपाण्यात ठेवा. अन्न बाहेर पडते, परजीवी जागेवरच राहतो. हा साधा उपाय मला महागड्या यंत्रांहून अधिक भरवशाचा वाटतो.

अंगावर बसलेला प्रत्येक जीव परजीवी नसतो. देठावर डोलणारे झूथॅम्नियम हे सिलिएट पाण्यातले जिवाणू गाळून खाते. त्याला फक्त बसायला जागा हवी असते. एलोबिऑप्सिस हा परजीवीही बाहेरच लटकतो, पण त्याचे मूळ कवच भेदून आत जाते आणि यजमानाचे पोषण शोषते. देठाचा बुडखा नीट पाहिल्याशिवाय नाव देऊ नका.

सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नका. डीएनए तपासायचा असेल तर अर्धा नमुना ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा.

बाधितांच्या टक्केवारीबद्दल मात्र मी आग्रही आहे. सिंडिनियम हा परजीवी डायनोफ्लॅजेलेट यजमानाचे शरीर आतून भरून टाकतो आणि त्याला मारतो. बाधित प्राणी लवकर मरत असल्याने एका दिवसाच्या नमुन्यात ते थोडेच सापडतात. कमी टक्के म्हणजे कमी हानी, असे समजू नका. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यापाशी सिलिएटांमुळे क्रिल (कोळंबीसारखे छोटे प्राणी) मोठ्या संख्येने मेल्याची नोंद आहे. नमुन्यातली मेलेली कोपेपॉड फेकून देण्याआधी ती उघडून पाहा, आणि नर, मादी व पिल्ले यांची मोजणी वेगळी ठेवा.