घरी पिक्चर बघताय? आधी टीव्हीची सेटिंग बदला

सगळ्यात आधी टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधे जा आणि मोशन स्मूदिंग बंद करा, कंपनीप्रमाणे नाव वेगळं असतं पण 'मोशन' शब्द शोधला की बहुतेक सापडतं. पिक्चर साधारण सेकंदाला 24 फ्रेमचा असतो आणि मोशन स्मूदिंग चालू असलं की टीव्ही मधेमधे स्वतःच्या मनाने फ्रेम घुसडतो, म्हणून चांगला सिनेमापण मालिकेसारखा दिसायला लागतो, मला तर ते बघवतच नाही. फिल्ममेकर मोड (हे स्मूदिंग आपोआप बंद करणारी तयार सेटिंग) असेल तर तोच लावा, विषय संपला.

मग लाइट बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. हे खरंच करा हां. मी 'कोर्ट' पहिल्यांदा मोबाइल चाळत बघितला आणि बोअर वाटला, नंतर नीट बसून बघितला तेव्हा कळलं की कॅमेरा एका जागी थांबलेला असतो तेव्हा फ्रेममधे कायकाय चालू असतं, आता तो माझा एकदम लाडका आहे. 'किल्ला' मात्र रात्रीच बघा, अविनाश अरुणने डिरेक्शनसोबत कॅमेरापण स्वतःच केलाय, कोकणातला तो पाऊस, तो ढगाळ उजेड... खिडकीतनं ऊन आलं की सगळं वाया.

संवाद नीट ऐकू येत नसतील तर सबटायटल लावा, पिक्चर मराठी असला तरी.